मदत हवी आहे: भावाच्या हाताला गंभीर संसर्ग, इंजेक्शनचं डॉक्टरांना सांगू का?

कोल्हापुरातून लिहितेय. धाकटा भाऊ, वय २३, परवा रात्रीपासून सीपीआरमध्ये (इथल्या सरकारी दवाखान्यात) आहे. डाव्या हाताचं कोपरापासून दंडापर्यंत सडलेलं मांस काढलंय. जखम उघडीच ठेवलीय, उद्या पुन्हा ऑपरेशनला नेणार आहेत.

सुरुवात कोपराच्या खळगीतल्या लाल गाठीनं झाली. आम्ही पोटीस बांधलं, पेठेतल्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तिथं त्यानं ‘उसाचं पाचट कापलं’ म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी हाताला चादर लागली तरी ओरडायला लागला. वरून दिसायला एवढंसं लाल, आणि कळा मरणाच्या. संध्याकाळपर्यंत कातडी काळी-जांभळी, पाण्याचे फोड, ताप, असंबद्ध बडबड. ‘नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस’ म्हणाले. संसर्ग आत स्नायूंवरच्या आवरणातून पसरतो, नुसत्या अँटिबायोटिकनं आटोक्यात येत नाही, मेलेला भाग कापावाच लागतो.

काल त्याच्या बॅगेत मेफेंटरमाइनच्या बाटल्या सापडल्या. ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध, तालमीत जाणारी ही पोरं व्यायामाला जोर यावा म्हणून टोचून घेतात. शीर सापडली नाही की कातडीखालीच टोचायचा, सुई दोघातिघांत एकच, असं त्याच्या मित्रानं रडत सांगितलं. (तालमीतल्या वस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रक्त द्यायला पोरं त्यांनीच पाठवली.)

आईवडिलांना अजून माहीत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस येतील का? उपचारात काही फरक पडतो का? कृपया लवकर लिहा.

प्रतिसाद: ताई, मी सर्जिकल वॉर्डात नर्स होते. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, आत्ताच सांगा. उद्या भूल देणाऱ्यांना तर कळायलाच हवं, कारण या औषधाचा थेट रक्तदाबाशी संबंध आहे. सुईवाटे गेलेले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसू शकतात, त्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासायला सांगा. शेवटची सुई कधी टोचली ते विचारा: ७२ तासांच्या आत असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का तेही बघा. सुई वाटून घेणाऱ्या मित्रांनाही तपासणीला पाठवा. व्यसनासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

धागाकर्ती: रात्रीच्या डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, लगेच भूलतज्ज्ञांना फोन लावला. इको सकाळी आहे. मित्रांपैकी एक तपासणीला तयार झालाय, दुसरा फोन उचलत नाही. पुढे मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागेल म्हणतात. कुणाच्या घरात असं झालं असेल तर कोपर पुन्हा किती वाकतं, फिजिओ कधी सुरू केली, ते लिहाल का?