मदत हवी आहे: भावाचं संशोधन बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ मुंग्यांवर पीएचडी करतोय आणि घरात रोज वाद. बाबांचं एकच, एवढा हुशार पोरगा, डॉक्टर झाला असता, आता किडे कसले मोजत बसलाय. मागच्या रविवारी त्यांनी त्याची बरणी कचरा समजून अंगणात ओतली, भाऊ काहीच बोलला नाही, गुडघ्यांवर बसून ओल्या ब्रशने एकेक मुंगी परत उचलत होता, मला बघवेना.

मी बाबांना डार्विनचं सांगितलं. त्याचे वडीलही डॉक्टर, १८२५ मध्ये पोराला एडिंबराला मेडिकलला घातलं, तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती, ऑपरेशन बघून तो खोलीतून पळालाच, पुढे मेडिकलही सोडलं. त्याच्या शाळेच्या दिवसांतच वडील एकदा म्हणाले होते, शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं सोडून तुला कशाचीच पडलेली नाही. मग पाद्री व्हायला केंब्रिजला पाठवलं तर तिथेही भुंगेरे गोळा करणं चालूच! १८३१ ला बीगल जहाजावर जायलाही ते आधी नाहीच म्हणाले, शेवटी मामाने एकेक आक्षेप खोडून पटवलं आणि खर्च मग वडिलांनीच केला (हे मला फार आवडतं).

बाबा म्हणतात, तो डार्विन होता. आणि आमच्याकडे असा मामाही नाही. कुणाच्या घरी असं झालंय का? मुंग्यांवरचं सोप्या मराठीतलं पुस्तक किंवा व्हिडिओ सुचवा, आणि भावाच्या गाईड सरांना घरी जेवायला बोलावलं तर बरं होईल की अजून बिघडेल, प्लीज सांगा.