मदत हवी आहे : आईसाठी घरचे डायलिसिस निवडावे का?

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ६८ वर्षांची असून तिला जुना मधुमेह आहे. गेले ७ महिने डायलिसिस केंद्रात तिचे हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४ तास चालते. परतल्यावर रक्तदाब इतका खाली जातो की जिन्याच्या दर दोन पायऱ्यांनंतर ती कठडा धरून थांबते. ते पाहवत नाही. डॉक्टरांनी पोटातून करायच्या डायलिसिसचा, म्हणजे सीएपीडीचा (पिशवीतला द्रव नळीने पोटात सोडून तो दिवसातून काही वेळा घरीच बदलायचा), पर्याय सुचवून निर्णय आमच्यावर सोपवला आहे.

सरावाची पिशवी आम्ही हाताळून पाहिली. आईची बोटे बधिर असल्याने टोपण काढताना दोनदा तिचा हात नळीच्या उघड्या टोकाला लागला, आणि पेरिटोनायटिसची (पोटाच्या आतल्या आवरणाच्या संसर्गाची) धास्ती तिथेच बसली. म्हणजे पिशव्या मलाच बदलाव्या लागतील, पण मी ९ ते ६ नोकरीवर असतो आणि घरात तिसरे कोणी नाही. शिवाय २ लिटरच्या रोज ३ पिशव्या धरल्या, तरी महिन्याचे सुमारे १८० किलो द्रव दुसऱ्या मजल्यावर चढवून ठेवायचे आहे. द्रवातील डेक्स्ट्रोजमुळे साखर वाढते, हे डॉक्टरांनी समजावले आहे. खर्चाचा हिशेबही झाला आहे. प्रत्यारोपण शक्य नाही.

ज्यांनी नोकरी करणाऱ्या एकाच माणसाच्या भरवशावर हे सुरू केले, त्यांनी दुपारची पिशवी कशी निभावली? आणि ज्यांनी नकार दिला किंवा पुन्हा केंद्राकडे वळले, त्यांचे नेमके कारण कोणते होते : संसर्ग, जागा, की सांभाळणाऱ्याचा थकवा?