मदत हवी आहे: कोथरूडचा फ्लॅट विकायचाय, ब्रोकर २ टक्के मागतोय, देऊ का?

घाईत_आहे
नमस्कार. कोथरूडला २ बीएचके आहे, तिसरा मजला, विकायचाय. ब्रोकर २ टक्के अधिक जीएसटी म्हणतोय आणि सहा महिने दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही असं लिहून मागतोय. शेजारच्या काकूंनी गेल्या वर्षी १ टक्काच दिला होता. हा फसवतोय का? उद्या संध्याकाळपर्यंत त्याला सांगायचंय. कृपया हो किंवा नाही एवढंच सांगा, लांबलचक वाचायला वेळ नाही.

सदाशिवपेठी
नाही.
(हो/नाही मागितलंत म्हणून. कारण विचारू नका.)

अंबरनाथ_फास्ट
फ्लॅट केवढ्याला जाणार, सोसायटी किती जुनी, लिफ्ट आहे का, ब्रोकर गिऱ्हाईक घेऊन आलाय की नुसता बोलतोय? यातलं काहीच लिहिलं नाहीये. डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" सांगितल्यासारखं झालं.

निवांत_काका
ब्रोकर हवाय कशाला? आम्ही बिबवेवाडीचा फ्लॅट पोर्टलवर टाकून स्वतः विकला. एक रुपया दलाली नाही. फोटो काढायचे, भाव लिहायचा, झालं. वेळ लागतो, पण घर काही भाजी नाही सुकायला.

गवती_चहा
काका, किती महिने लागले ते पण लिहा.

निवांत_काका
अकरा.

गवती_चहा
:)

घाईत_आहे
९५ लाख ठरवलेत. इमारत १९९६ ची, लिफ्ट नाही. ब्रोकरने एक जोडपं आणलं होतं, त्यांना आवडलंय. अकरा महिने थांबणं शक्य नाही, भावाला पुढच्या महिन्यात परत जायचंय. मला दलालीचंच सांगा ना कुणीतरी.

दोन_टक्केवाला
मी याच धंद्यात आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

दलालीचा दर कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. जो ठरेल तो. पुण्यात जुन्या फ्लॅटला विकणाऱ्याकडून १ ते २ टक्के मागतात, आणि मागितलेले सगळे मिळतात असं नाही. ९५ लाखांचे २ टक्के म्हणजे १ लाख ९० हजार. वर १८ टक्के जीएसटी ३४,२००. एकूण २ लाख २४ हजार २००. हा आकडा त्याच्यासमोर मोठ्याने वाचा, बरेचदा तिथेच अर्धा टक्का गळून पडतो.

आता जे बहुतेक लोक विचारत नाहीत ते. समोरच्या जोडप्याकडून तो किती घेणार आहे? त्यांच्याकडूनही २ टक्के असतील तर एका व्यवहारात त्याचे ३ लाख ८० हजार झाले. मग भाव खाली आणायचा तगादा ते लावतील तेव्हा तो कुणाच्या बाजूने बोलणार? दोन्हीकडून घेणं चोरी नाही, आमच्यात सगळेच घेतात. पण विचारलं की खरं सांगणारा आणि विषय बदलणारा, एवढ्यावर माणूस कळतो.

आणि "तुम्हाला ९० नेट देतो, वरचं माझं" असं म्हणाला तर उठून या. मग तो ९८ ला विकेल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही.

अंबरनाथ_फास्ट
जीएसटीबद्दल भर. त्याच्याकडे जीएसटी नंबर आहे का बघा. वर्षाला २० लाखांपर्यंतचंच काम असलेल्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याने जीएसटी मागायचा नसतो. नंबर नाही आणि १८ टक्के लावतोय म्हणजे ते पैसे सरकारला नाही, त्याच्या खिशात. नंबरसकट बिल मागा. चेकने किंवा ऑनलाइनच द्या, कारण नंतर भांडवली नफा काढताना दलाली वजा करून मिळते. रोख दिलीत तर दाखवणार काय?

सदाशिवपेठी
रेरा (घरांचे प्रकल्प आणि एजंट यांच्या नोंदणीचा कायदा) नंबर बघा. महारेराची नोंदणी नसलेल्या एजंटला दारात उभं करू नका. कायदाच आहे.

दोन_टक्केवाला
माझा स्वतःचा नंबर आहे, 'ए५' ने सुरू होणारा, आणि त्यासाठी परीक्षाही दिली. तरी सांगतो, सक्ती आहे ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या घरांसाठी. १९९६ च्या सोसायटीतला जुना फ्लॅट त्यात येत नाही. नंबर असलेला माणूस बरा, पण नंबर नाही म्हणजे बेकायदा असं या व्यवहारात म्हणता येणार नाही.

सदाशिवपेठी
म्हणजे तुम्ही तुमच्या लोकांची बाजू घेताय.

दोन_टक्केवाला
घ्या.

कोकम_सरबत
अहो पण कोथरूडची १९९६ ची, लिफ्ट नसलेली सोसायटी विकताय कशाला?? रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का ते आधी विचारा! आमच्या शेजारच्या इमारतीत लोकांनी गडबडीत विकले आणि दोन वर्षांत बिल्डरने नवीन, मोठे फ्लॅट द्यायचा करार केला. आज कपाळाला हात लावून बसलेत.

निवांत_काका
+१. माझ्या भाच्याच्या सोसायटीचं मात्र नऊ वर्षं नुसत्या मीटिंगा. चहा-बिस्किटांचा खर्च काढला तर लिफ्ट बसली असती.

एरंडवण्याची_आत्या
अवांतर: माझ्या मुलाला कोथरूडलाच घ्यायचाय. कार्पेट किती? दोन्ही टॉयलेट भारतीय पद्धतीची आहेत का? व्यनि (खासगी निरोप) करा.

घाईत_आहे
रिडेव्हलपमेंटचं काही नाही, विषय बदलू नका. सहा महिन्यांच्या कागदाचं कुणी सांगेल का? आणि एक राहिलं, मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच "ओके" लिहिलंय, २ टक्क्यांना. चालेल का नाही म्हणायला?

गवती_चहा
हे "एक राहिलं" पहिल्या पोस्टीत हवं होतं बाई.

दोन_टक्केवाला
आणलेल्या त्या जोडप्यापुरतं तरी आता तोंड फिरवू नका. "ओके" लिहून दिलंय, आणि गिऱ्हाईक त्यानेच आणलंय. बोलून दीडवर आणा, पण त्याला वगळून त्या लोकांशी परस्पर सौदा करायला जाऊ नका. पुढे वकिलाची नोटीस दोघांना येते.

सहा महिन्यांचा कागद मात्र सही करू नका. दोन महिने ठीक. त्यात एक ओळ तपासा: तुमच्या ओळखीच्या माणसाला तुम्हीच विकलंत तरी त्याला दलाली, असं लिहिलंय का? असेल तर खोडा. दलाली कधी द्यायची तेही लिहून घ्या. नोंदणीकृत करार झाला की अर्धी आणि ताबा-शेवटचा हप्ता झाला की अर्धी, असं मी घेतो. टोकन (बयाणा) आलं की लगेच सगळी मागणाऱ्यापासून जपून. टोकननंतर बँकेने कर्ज नाकारलं की सौदा मोडतो आणि दलाली परत मागायला तुम्हीच त्याच्या ऑफिसात खेटे घालता.

अंबरनाथ_फास्ट
टोकन रोख घेऊ नका. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला बंदी आहे, दंड तेवढाच बसतो जेवढी रक्कम.

कोकम_सरबत
मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे, बाईच्या नावावर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर ९५ हजार वाचतात.

गवती_चहा
त्या विकतायत. ते खरेदीदार भरतो.

कोकम_सरबत
माहिती कधी वाया जात नाही.

अंबरनाथ_फास्ट
घाईत_आहे, "भावाला परत जायचंय" असं वर लिहिलंत. परत कुठे? आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

घाईत_आहे
कॅनडाला. फ्लॅट आई-बाबांच्या नावावर होता. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेअर सर्टिफिकेटवर अजून दोघांचीच नावं आहेत, पण आईला नॉमिनी केलंय त्यामुळे तसा प्रश्न नाही. ब्रोकर म्हणाला ते मी बघतो.

मेणवलीकर
वकील आहे, मालमत्तेची कामं करते. तुम्ही १ की २ टक्के यात अडकलात, आणि खरी अडचण तुम्हाला बिनमहत्त्वाची वाटून शेवटी आली.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीच्या कामापुरतं ते नाव. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा आई, तुम्ही, भाऊ यांच्याकडे सारखा जातो. बाबांची आई हयात आहे का? हिंदू वारसा कायद्यात मृताची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, लोक हमखास विसरतात.

घाईत_आहे
आजी आहे. ९१ वर्षांची, सांगलीला काकांकडे. मृत्युपत्र नाही.

मेणवलीकर
मग बाबांच्या अर्ध्याचे चार भाग. आईकडे एकूण पाच अष्टमांश, तुम्ही, भाऊ आणि आजी तिघांकडे एकेक अष्टमांश. घेणाऱ्याची बँक हे पहिल्याच दिवशी काढेल. ब्रोकर "बघतो" म्हणजे काय बघणार? त्याच्या हातात आजीची सही नाही.

सगळ्यांची इच्छा असेल तर तिघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्या. मग विकणारी एकटी आई. भाऊ इथे आहे तोवर त्याची सही करून घ्या. ही घाई मात्र योग्य आहे. तो गेला तर कॅनडाहून कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार), वकिलातीचा शिक्का, इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, एवढं लचांड. शिवाय भाऊ अनिवासी असेल आणि विकणारा म्हणून राहिला, तर त्याच्या वाट्यावर घेणाऱ्याला नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा खूप जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो. ते जोडपं तिथेच बिचकेल.

आजींना पुण्याला आणायचे हाल करू नका. सांगलीत दुय्यम निबंधकांपुढे कुलमुखत्यारपत्र होतं, येता येत नसेल तर अधिकारी घरी येऊ शकतात. आणि त्यांना नीट समजावून, त्यांच्या मनाने. हक्क त्यांचा आहे, नुसत्या अंगठ्याचं काम नाही.

निवांत_काका
सोसायटीने ट्रान्सफरला लाखभर मागितले तर देऊ नका. महानगरपालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, २००१ चा शासननिर्णय आहे. आमच्या सेक्रेटरीने "ऐच्छिक देणगी" म्हणून मागितले होते. मी म्हटलं ऐच्छिक ना, मग माझी इच्छा नाही.

घाईत_आहे
काकांना फोन केला. ते म्हणाले आजीला विचारायच्या आधी मला का नाही सांगितलं. आता आई रडतेय, भाऊ तिकीट पुढे ढकलता येतंय का बघतोय. ब्रोकरला कळवलं की कागद झाल्याशिवाय टोकन नाही आणि दीड टक्का. जीएसटी नंबर विचारला तर म्हणाला "ते सोडा हो, दीडमध्येच धरा सगळं."

दोन_टक्केवाला
म्हणजे नंबर नाही. दीडवर थांबा, पावती घ्या, आणि त्या जोडप्याला खरं सांगा की दोन-तीन महिने लागतील. थांबणारे थांबतात.

मेणवलीकर
काकांशी भावाला बोलू द्या, तुम्ही नको.

एरंडवण्याची_आत्या
ते जोडपं नाही थांबलं तर मला कळवा. पार्किंग कव्हर्ड आहे का ते राहिलंच.