पुढची जाळी आणि मागची सीट: लक्झरी गाडी नक्की कोणासाठी घडते?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीत नवी बीएमडब्ल्यू ७ सिरीज आली. जाळी एवढी दांडगी की वॉचमनने आधी सलाम ठोकला, मग गेट उघडलं. माझं स्पष्ट मत: हे रूप जर्मन माणसासाठी नाहीच. ७ सिरीजचं सर्वात मोठं गिऱ्हाईक चीन. तिथे रुबाब हवा, म्हणून जाळी मोठी आणि मागे छतातून उतरणारा ३१.३ इंची स्क्रीन. तेव्हाची नवी लांब ई-क्लासही मर्सिडीजने २०१६ मध्ये चीनसाठी काढली, २०१७ मध्ये उजवं स्टिअरिंग लावून आपल्याकडे आणली. आपल्या वाट्याला दुसऱ्याच्या मापाचा कोट!

पामबीच_रोड
पण बसला ना अंगात? वाशी-नेरुळच्या किती शेठना तुम्ही ई-क्लास चालवताना पाहिलंत? ड्रायव्हर पुढे, शेठ मागे डावीकडे, बीकेसी येईपर्यंत फोनवर. २०१७ च्या त्या गाडीचा वाढीव १४० मिमी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सगळा त्यांच्या गुडघ्यांसाठी. एएमजी ही वेगवान आवृत्ती सोडली तर आखूड ई-क्लास सेडान इथे मिळत नाही. ३ सिरीज तर चालवणाऱ्याची गाडी म्हणून नावाजलेली, तिचीही २०२१ मध्ये ११० मिमी लांब व्हीलबेसची ग्रॅन लिमोझिन आली. हे आपलंच माप आहे, उसनं नाही.

कापूरबावडी_जाम
बाजार बाजार काय लावलंय? कायदा विसरलात. सत्तरच्या दशकातली मर्सिडीज एसएल आठवा: युरोपात रुंद काचेचे देखणे दिवे, अमेरिकेत चार गोल दिवे, कारण तिथल्या नियमात ठरावीक मापाचे सील्ड बीम, म्हणजे काच-बल्ब एकत्र बंद केलेले दिवेच, चालायचे. वर ताशी ५ मैलांच्या धडकेचा नियम आला आणि बंपर हातभर पुढे. युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बॉनेटखाली मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणून नाकं उंच झाली. गिऱ्हाईकाला कोणी विचारलं?

घोडबंदरकर
बंपरचा मुद्दा तुमचा, मान्य. पण जाळी कुठल्या कलमात बसते? टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस अमेरिकेसाठी काढली. तीच एलएस ४०० जपानमध्ये टोयोटा सेल्सिअर म्हणून विकली, लेक्सस नाव मायदेशी लागलं २००५ मध्ये. ऑडीने २०२४ मध्ये चीनपुरता वेगळा ब्रँड दाखवला, त्यावर ऑडीची ओळख असलेल्या चार कड्याच नाहीत. गिऱ्हाईकासाठी स्वतःचं कुंकू पुसलं राव, आणि तुम्ही बंपर मोजताय!

सीवूड्सची_ताई
कड्या गेल्या तर गेल्या, चीनच्या रुबाबाला नाकं कशाला मुरडता? इथेही मोठी जाळी आरशात दिसली की रिक्षावाला आपसूक बाजूला होतो; त्याचेच तर पैसे मोजतात लोक. माझी तक्रार वेगळीच आहे. लांब ई-क्लास पाच मीटरच्या वर जाते, आमच्या पझल पार्किंगच्या (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणाऱ्या) ट्रेमध्ये मावत नाही. मालक ती पाहुण्यांच्या जागेत लावतात, दर मीटिंगला त्यावरून खडाजंगी.

पामबीच_रोड
ताई, मग ट्रे बदला. कंपनी गाडी आखूड करणार नाही, शेठ मागेच बसणार.

सीवूड्सची_ताई
ट्रेचा खर्च शेठच्या मेंटेनन्समध्ये लावते, चालेल?