आईला बुके पाठवायचा तर गावातला फुलवाला की मोठी साइट?

उमरेडची_लेक

काल ‘पुण्यातला_नागपूरकर’ यांनी लिहिलं की आईवडील छोट्या गावात राहत असतील तर बुके मोठ्या साइटवरूनच पाठवावा, गावातला फुलवाला हारवाला असतो, त्याला बुके कळत नाही आणि पैसे बुडतात. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझी आई उमरेडला असते. ती शाळेतून निवृत्त झाली तो मे महिना होता. मी बंगळुरूत. साइटवर चित्र पाहून वीस लाल डच गुलाब निवडले, १,३४९ रुपये भरले. सकाळी दहा ते दोनची वेळ दिली होती. साडेतीनला नागपूरहून एक पोरगा बाइकवर घेऊन आला. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन मी काय सांगू तुम्हाला. आईनं फोटो पाठवला तर एकूण एक गुलाबानं मान टाकलेली, पाकळ्यांच्या कडा काळ्या पडलेल्या आणि सेलोफेनला आतून वाफ धरलेली. पोरगा घामानं भिजला होता, आईनं त्याला पन्हं दिलं. मला म्हणाली, "छान आहे गं." तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे मला अजून लागतं.

पुढच्या वाढदिवसाला मैत्रिणीकडून बसस्टँडजवळच्या फुलवाल्याचा नंबर घेतला. लाल डच गुलाब मागितले तर तो म्हणाला, "ताई, डच माल कालचा आहे, तो मी नाही देत. निशिगंध आजचा आहे. खालची दोनच फुलं उमलली, बाकी कळ्या आहेत. संध्याकाळी घरभर वास येईन." पत्ता सांगायला लागले तर म्हणाला, "बाईंचं घर ना, माहीत आहे." ४०० रुपये घेतले. खालून वर एकेक कळी उमलत गेली, सहा दिवस. आई रोज रात्री फोनवर सांगायची, आज इथपर्यंत आली.

हा माणूस हारवालाच आहे. त्याला फुलं कळतात.

पुण्यातला_नागपूरकर

ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. तुमचं नशीब चांगलं निघालं, एवढंच.

माझे आईबाबा हिंगणघाटला. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. तीन फुलवाल्यांना फोन लावले. एकानं उचलला नाही, दुसरा म्हणाला बुके नाही बनवत, तिसरा लगेच हो म्हणाला. ८०० रुपये आधी पाठवले. काय आलं? पाच जरबेरा, त्यांवर चांदीची चमकी मारलेली, मागं प्लास्टिकचा पाला, आणि कार्डावर ‘हॅपी बर्थडे’. मी पन्नास वर्षांचा संसार लिहून पाठवला होता, चार ओळी, बाबांना आवडतील अशा. त्या कुठे गेल्या कोण जाणे. संध्याकाळपर्यंत सात फोन केले. एकही उचलला नाही.

साइटला निदान तक्रार करायला जागा असते. तुमच्या सुकलेल्या गुलाबांचे पैसे परत मिळाले की नाही, ते सांगा आधी.

उमरेडची_लेक

४०० चं कूपन मिळालं, पैसे नाही. पुन्हा त्यांच्याकडूनच फुलं घेतली तर वापरता येईल असं.

पुण्यातला_नागपूरकर

मला तर तेही मिळालं नाही.

बर्डीचा_गुच्छवाला

नमस्कार. नागपूरच्या बर्डीत २२ वर्षं झाली बुके बांधून राहिलो, म्हणून बोलतो. पहाटे फुलांच्या नेताजी मार्केटले जातो. डच गुलाब वीसच्या जुडीत पुठ्ठ्यात गुंडाळून येते, जरबेरा दहाचा, एकेका फुलावर प्लास्टिकची टोपी घातलेला. तो माल पुण्याकडून, बंगळुरूकडून येते. उमरेड, काटोल, सावनेरचे बरेच दुकानदार हाच माल इथून उचलतात. म्हणजे गुलाब तर तसाही प्रवास करूनच येते. प्रश्न इतकाच आहे का बुके कुठं बांधायचा. गावात बांधला तर फुलं पाण्याच्या बादलीतून निघून दहा मिनिटांत दारात. नागपुरात बांधून पाठवला तर पन्नास किलोमीटर बिनपाण्याचा.

आता साइटचं. गिऱ्हाईकानं साइटवर १००० भरले तर ऑर्डर माझ्याकडे येते अन् माझ्या हाती ६५० पडते. त्याच्यात फुलं, कागद, रिबीन आणि पोऱ्याचं पेट्रोल. फोटो असते दिल्लीत काढलेला, जांभळं ऑर्किड, पांढरी लिली. सकाळी दहाले मोबाइल वाजते, बाराच्या आत पाहिजे. मग वीसच्या जागी पंधरा फुलं जातात आणि पाला जास्त भरतो. खोटं नाही बोलत. तेच गिऱ्हाईक मले सरळ फोन करन तर वीसचे वीस जातीन.

पुण्यातला_नागपूरकर

म्हणजे तुम्ही स्वतःच कबूल करता की पंधरा लावता! आणि हे वाचून मी फुलवाल्यावर विश्वास ठेवायचा? साइट कापते म्हणून तुम्ही माझ्या आईच्या बुकेतून कापता. तिला कुठे माहीत आहे तुमचं आणि साइटचं काय ठरलं ते!

बर्डीचा_गुच्छवाला

भाऊ, चिडू नका. चूक आहे, मानतो. पण साइटले नाही म्हटलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्याले जाते. आणि सरळ फोन करणारे सगळेच चांगले राहतात असं नाही. "पोहोचल्यावर पैसे देतो" म्हणतात. पोऱ्या जाते, दाराले कुलूप. घरचे शेगावले गेलेले. बुके परत दुकानात, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. गेल्या महिन्यात असे तीन झाले. ते पैसे मी कोणाले मागू?

धरमपेठची_काकू

मला मुळात हा सगळा खटाटोपच पटत नाही. मुलाच्या लग्नात आम्ही पत्रिकेवर स्पष्ट छापलं होतं, ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नये’. तरी लोकांनी आणलेच. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागं १४० बुके पडले होते, मी स्वतः मोजले. कुत्री त्यावर झोपली होती. पंतप्रधानांनी २०१७ मध्येच सांगितलं होतं, बुकेऐवजी पुस्तक द्या. आईला पुस्तक पाठवा, नाहीतर कुंडीत मोगरा द्या. तो दरवर्षी फुलेल.

कळमेश्वरचा

काकू, हे तुमच्या पत्रिकेवरचं वाक्य आमच्या पोटावर मारलेलं वाक्य आहे. पाऊण एकर शेवंती आणि अर्धा एकर झेंडू आहे माझा. आहेर नको म्हणा, तो तुमचा मोठेपणा. पुष्पगुच्छ कशाला त्याच्यासोबत जोडता? पैशाचं पाकीट आणि शेतकऱ्याचा माल एकच आहे का?

आणि त्याच हॉलमध्ये मांडव कशाचा होता? कमानीवरची फुलं खरी होती का? मी दरवर्षी दहा लग्नांना जातो. दारावर ‘पुष्पगुच्छ आणू नये’ आणि आत स्टेजवर कापडाची, प्लास्टिकची फुलं. तीच फुलं धुऊन पुढच्या लग्नाला.

धरमपेठची_काकू

मांडव डेकोरेटरनं ठरवला. आम्हाला विचारलं नव्हतं.

कळमेश्वरचा

कोणीच विचारत नाही, तेच सांगतो आहे.

२०२० चा पाडवा आठवतो का? २५ मार्च. लॉकडाऊनचा पहिला दिवस आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले. आम्ही पाडव्याच्या हिशेबानं झेंडू धरला होता, चार दिवस आधीपासून तोडणी सुरू. गाड्या बंद, मार्केट बंद. ओसरीवर नऊ क्रेट भरून ठेवलेले. आजी त्यातली दोन फुलं रोज देवाला वाहायची, बाकीची खालून काळी पडत गेली. चौथ्या दिवशी वास सुटला. उभ्या पिकात मी स्वतः रोटाव्हेटर घातला. तुमचे १४० बुके पाहून तुम्हाला वाईट वाटलं. मी ट्रॅक्टरवर बसून रडलो आहे.

धरमपेठची_काकू

तुमच्यावर आली ती वेळ कोणावर येऊ नये. पण भाऊ, त्या १४० बुकेंत तुमची शेवंती एकातही नव्हती. सगळे जरबेरे आणि प्लास्टिक. मी ते वाक्य छापलं ते त्या प्लास्टिकसाठी, शेतकऱ्यासाठी नाही.

कळमेश्वरचा

मग तसं छापा. ‘प्लास्टिक आणू नये’ असं छापा. माझ्या फुलाचं नाव कशाला घेता?

महाराजबाग

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि मुद्दा मात्र सुटतो आहे. फूल कुजून माती होते, त्यात काही नुकसान नाही. नुकसान करतो तो टोपलीतल्या बुकेखालचा हिरवा स्पंज. फुलं त्यात खोचतात ना, तो. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनतो, कुजत नाही, चुरा होऊन बारीक प्लास्टिकसारखा मातीत, पाण्यात राहतो. काकूंच्या हॉलमागं तो किती पडला असेल? गावातला फुलवाला काड्या सुतळीनं बांधून देतो, त्यात स्पंज नसतो. उमरेडच्या निशिगंधातही नव्हता.

कोमेजण्याचंही सांगतो. गुलाब मान टाकतो ते देठात हवेचा बुडबुडा अडकून पाणी वर चढत नाही म्हणून. देठाचं टोक पाण्यात बुडवून तिरकं कापलं आणि तासभर खोल पाण्यात ठेवलं तर बरेचदा मान वर येते. जरबेऱ्याला उलट कमी पाणी लागतं, दोन-तीन बोटं, नाहीतर देठ कुजतो. आणि बुके आंब्याच्या, केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, कार्नेशनचं फूल तर त्यानं लगेच मिटतं. साइटवरचे ‘फुलं आणि फळं’ एकाच पेटीतले सेट मला म्हणूनच पटत नाहीत.

अजून एक. दुसऱ्या गावच्या फुलवाल्याला ऑर्डर कळवून तिथंच बुके बांधायचा, ही कल्पना साइटवाल्यांची नाही. १९१० साली अमेरिकेत काही फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेनं ऑर्डरी कळवायला सुरुवात केली होती. ते स्वतः फुलवाले होते, एकमेकांना ओळखत होते. आज मधल्याला फूल ओळखता येत नाही, बिघाड तिथं आहे.

पुण्यातला_नागपूरकर

इतिहास ठीक आहे. पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पुण्यात बसून मला हिंगणघाटचे फुलवाले कुठून माहीत असणार? ताईंना मैत्रीण होती. मला गाव सोडून सतरा वर्षं झाली. ज्याला गावात कोणी उरलं नाही, त्यानं काय करायचं?

उमरेडची_लेक

हा प्रश्न खरा आहे, आणि माझ्या पोस्टमध्ये तो आला नाही हे मान्य. माझी मैत्रीण नसती तर मीही साइटवरच गेले असते.

पण दादा, तुम्ही फोनवर काय मागितलं होतं? चित्र पाठवलं होतं ना?

पुण्यातला_नागपूरकर

हो, साइटवरचंच. म्हटलं, असाच करा.

उमरेडची_लेक

तिथंच झालं. त्याच्याकडे ते नव्हतं आणि नाही म्हणायची भीती वाटली, म्हणून चमकी मारून दिलं. पहिल्या दोघांपैकी जो ‘बुके नाही बनवत’ म्हणाला, तो खरं बोलला. त्याला विचारायचं होतं, तुमच्याकडे आज काय ताजं आहे?

पुण्यातला_नागपूरकर

म्हणजे चूक माझी? ८०० रुपये माझे, चमकी त्याची, कार्ड चुकीचं त्याचं, फोन उचलला नाही त्यानं, आणि शिकायचं मी?

बर्डीचा_गुच्छवाला

चूक त्याचीच. चमकी मारणं म्हणजे शिळं फूल झाकणं, आम्ही पण ओळखतो. त्याची बाजू मी नाही घेत. पण कार्ड का चुकते ते सांगतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवता. माझ्याकडचा पोऱ्या आठवी शिकलेला आहे, त्याले ते वाचता येत नाही, म्हणून तो छापील कार्ड लावते. देवनागरीत लिहून पाठवा, तो अक्षर न् अक्षर उतरवून काढते.

पुण्यातला_नागपूरकर

हे मात्र खरं असेल. मी इंग्रजी अक्षरांतच लिहिलं होतं.

धरमपेठची_काकू

कळमेश्वरच्या भाऊंना सांगायचं होतं, धाकट्याचं लग्न माघात आहे. पत्रिकेतला मजकूर बदलते. डेकोरेटरलाही सांगीन, पण तो खर्च तिप्पट सांगतो आहे आणि तो मला परवडेल असं आज तरी वाटत नाही. दाराचं तोरण आणि दोन हार नक्की खरे. शेवंती असते का तेव्हा?

कळमेश्वरचा

असते. तोरणाला किती हात लागते ते मोजून ठेवा. आणि भाव आत्ता विचारू नका, मला सांगता येणार नाही.

पुण्यातला_नागपूरकर

दुपारी हिंगणघाटच्या त्या दुसऱ्याला, ‘बुके नाही बनवत’ म्हणणाऱ्याला, फोन केला. येत्या गुरुवारी आईचा वाढदिवस आहे. चित्र नाही पाठवलं. आज काय आहे विचारलं तर म्हणाला, गुरुवारचं गुरुवारी सकाळी सांगतो, आत्ता सांगितलं तर खोटं होईल. निशिगंध आला तर वीस काड्या, नाहीतर शेवंती. ३५० म्हणाला. कार्ड देवनागरीत लिहून पाठवलं आहे.

तरी माझं मत बदललेलं नाही. पैसे मी पोहोचल्यावरच देणार.

बर्डीचा_गुच्छवाला

निम्मे तरी आधी द्या भाऊ. तो पहाटे तुमच्या नावानं माल उचलन.