मदत हवी आहे: वकिलीची सनद आधी की नोकरी? सोमवारपर्यंत सांगायचंय

मांडवीकर: बडोद्याला म. स. विद्यापीठातून एलएलबी झालं. एका कंपनीच्या लीगल विभागात नोकरी मिळतेय. सनद आधी काढू की रुजू झाल्यावर? लवकर सांगा, घरात रोज तोच विषय चालू आहे.

काळाकोट: निकाल लागला का? आधीची पदवी कशातली? पुढे काय व्हायचंय? काहीच न सांगता आम्ही काय सांगणार?

विश्वामित्री: सनदेसाठी कुणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, कायद्यातलं शुल्क तेवढंच घ्यायचं. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

मांडवीकर: फीचं विचारलं नव्हतं. निकाल लागलाय. आधी बीएस्सी केमिस्ट्री.

रसायन_ते_कायदा: केमिस्ट्री? मग पेटंट एजंटची, म्हणजे शोधांच्या पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा द्याच! तिथे विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, एलएलबीची अटसुद्धा नाही. मी प्रयोगशाळेतूनच इकडे आलो. पेटंटच्या दाव्यात 'कम्प्रायझिंग' (हे घटक आहेत, आणखीही चालतील) लिहायचं की 'कन्सिस्टिंग ऑफ' (फक्त हेच घटक), यावर आमची अख्खी दुपार जाते. दुसरं लिहिलं तर समोरचा एखादा घटक जास्तीचा घालून निसटू शकतो.

काळाकोट: विचारलंय काय, सांगताय काय! पहिली तीन वर्षं इथल्या, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातच काढावीत. पहिल्या वर्षी मी नुसत्या तारखा घेतल्या, पण खोटं बोलण्याआधी साक्षीदार आपल्या वकिलाकडे कसा बघतो, ते तिथेच दिसलं.

रसायन_ते_कायदा: आणि पोटाचं काय? कित्येक सिनियर पेट्रोलचे पैसेही देत नाहीत. ज्याच्या घरी वकिली नाही त्याने काय करायचं?

सुरसागर: आमच्यासाठी कोर्ट म्हणजे न्यायमंदिरच, बडोद्याची ती जुनी कोर्टाची इमारत. आणि वकिलाने कोर्टातच राहावं असं कुठाय? बाबासाहेबांनी वकिली केली, १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे कायदामंत्रीही झाले. १९१७ मध्ये बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. तेव्हा त्यांनी जिथे अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला, त्या सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर नव्या वकिलाने एकदा तरी जावं.

मांडवीकर: विषय भरकटतोय. मला सिव्हिल जजची परीक्षा द्यायचीय, म्हणून तर सनदेचं विचारलं.

काळाकोट: अगं, हे पहिल्या ओळीत हवं होतं! २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ती तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे बार परीक्षा पास होण्याआधी मिळणाऱ्या सनदेच्या, तारखेपासून मोजतात. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. पण पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलला (सनद देणाऱ्या संस्थेला) कळवून वकिली थांबवावी लागते, म्हणजे ती वर्षं गेली. ऑफर लेटरमध्ये नेमकं काय लिहिलंय?

मांडवीकर: दुसऱ्या पानावर आहे: 'पूर्णवेळ, इतर कोणताही व्यवसाय करता येणार नाही.' तिथवर वाचलंच नव्हतं. बाबांना पगाराचा आकडा आवडलाय.

रसायन_ते_कायदा: जज व्हायचं असेल तर नको घेऊस. माझा सल्ला मागे घेतो.

विश्वामित्री: सनद मिळाल्यावर दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हायची असते, ते विसरू नका.

मांडवीकर: आज रात्री बाबांशी बोलते, सोमवारी नाही म्हणून कळवते. शिकवणारे सिनियर कुणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.

काळाकोट: दिवाणी की फौजदारी?