अनुभव धागा: लाउडन काउंटीत पक्षाचं काम करताना

व्हर्जिनियात दर नोव्हेंबरात कसली ना कसली निवडणूक असतेच. आपल्या लाउडन काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार पाहणाऱ्या बोर्डाची मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ ला. अध्यक्ष आणि आठ मतदारसंघांचे आठ सुपरवायझर, असे नऊ जण आपल्या घराचा कर ठरवतात, कुठे काय बांधू द्यायचं ते ठरवतात. तरी इथल्या आपल्या मराठी लोकांच्या गप्पा वॉशिंग्टनपाशीच संपतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. पक्ष कुठलाही असो, दारोदार फिरला असाल, मतदान केंद्राबाहेर उभे राहिला असाल, तर लिहा. उमेदवारांवर चिखलफेक तेवढी नको.

सुरुवात मीच करते. २०२३, पहाटे साडेपाच. केंद्र म्हणजे माझ्या मुलाचीच शाळा. दारापासून चाळीस फुटांच्या आत प्रचार चालत नाही, म्हणून आम्ही दोन्ही पक्षांचे लोक पलीकडे कुडकुडत उभे. हातात आपापल्या पक्षाचे उमेदवार दाखवणाऱ्या नमुना मतपत्रिकांचा गठ्ठा. काउंटीच्या पदांना मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष छापत नाहीत, त्यामुळे पक्ष पाहून मत देणाऱ्याला हा कागदच उपयोगी. दहाच्या सुमारास एक काकू आल्या, साडीवर जाड जॅकेट. मी नमस्कार केला तशा थबकल्या. "अगं बाई, मराठी का तू? मग सांग बघू, ही माणसं कोण नि काय करतात?" आमचे कोण, समोरचे कोण, दोन्ही सांगितले. बाहेर आल्या तेव्हा जॅकेटवर मत दिल्याचा स्टिकर होता. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

ब्रॅम्बलटनहून
आम्ही एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मत नाही, उमेदवाराला देणगीही देता येत नाही. बिनपगारी काम करता येतं, फक्त प्रचाराच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. मी शनिवारी पत्रकांच्या घड्या घालते, चहा करते, लोकांना गाडीने सोडते. एक मात्र कळकळीने सांगते. डीएमव्हीत, म्हणजे वाहन खात्याच्या कार्यालयात, लायसन्सच्या वेळी मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे घाईत "हो" करू नका. नागरिक नसताना नाव नोंदलं गेलं तर पुढे ग्रीन कार्डापासून सगळं अडकतं.

अ‍ॅशबर्नहून
ताई, चांगला धागा. मी चार वर्षं दारं वाजवतोय. फोनवर मिनीव्हॅन नावाचं प्रचाराचं अ‍ॅप असतं, त्यात घरं, नावं, वयं. या राज्यात मतदार नोंदणीत पक्ष लिहिला जात नाही, त्यामुळे कोण कुणाकडे झुकलंय हे दारात जाऊन विचारल्याशिवाय पक्कं कळत नाही. दहा बेल वाजवल्या तर दोन-तीन दारं उघडतात. बाकी ठिकाणी पत्रक दाराच्या फटीत. टपालपेटीत टाकायचं नाही, ते कायद्याने बंद आहे. नवीन मुलं हटकून तिथेच चुकतात.

एका दारावर मी "कुलकर्णी" असं नीट म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "आत या." चहा झाला, मग मला मागच्या अंगणात नेलं. कुंपणापलीकडे डेटा सेंटरची, म्हणजे संगणकांनी भरलेल्या इमारतीची, राखाडी भिंत, खिडकी एक नाही. वर पंख्यांची घरघर, सतत. "रात्री दोनला ऐका," म्हणाले. त्यांना उमेदवाराचं नाव नको होतं, भिंत कुणी होऊ दिली ते हवं होतं. मी सांगितलं, पुष्कळ ठिकाणी तेव्हाचे नियमच असे होते की जमिनीचा झोन, म्हणजे तिथे काय बांधता येतं तो प्रकार, जुळला की बोर्डापुढे जाहीर सुनावणी न होताच इमारत उभी राहायची. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ती वाट बंद केली. त्या निर्णयाच्या सुनावणीत बोलणाऱ्यांच्या रांगेत आजोबा होते. कागद हातात धरून, चष्मा कपाळावर. मी मागच्या खुर्चीत बसून होतो, पोटात कालवाकालव होत होती.

पर्सेलव्हिलहून
मी रिपब्लिकन पक्षाचा. इकडे पश्चिमेला शेतं, घोडे, द्राक्षमळे. २०२१ मध्ये स्कूल बोर्डाच्या बैठका देशभर गाजल्या, जूनमधली एक तर मध्येच थांबवावी लागली. मी पालक म्हणून गेलो होतो, तिथून पक्षात आलो. आमच्या बैठकीत पहिल्या दिवशी सावळा चेहरा माझा एकट्याचा. पण शेजारच्या शेतकरी बाईंनी खुर्ची ओढून दिली, आज त्यांच्याच ट्रकमधून आम्ही फलक लावत हिंडतो. मराठी माणूस म्हणजे ठरलेलाच पक्ष, असं धरून चालू नका, एवढीच विनंती.

स्टर्लिंगहून
आमच्या सासूबाई मतदारांना प्रचाराची पोस्टकार्डं लिहितात. नागरिक झाल्या त्याच वर्षी सुरू केलं. सुंदर अक्षर. पत्ता लिहून झाला की प्रत्येक कार्डावर हात फिरवतात. घाई केली तर रागावतात.

साउथ रायडिंगहून
मला तक्रार मांडायची आहे. निवडणुकीच्या वर्षी आमच्या गणपतीत एक उमेदवार आले, आरतीला टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले, फोटो काढले. निवडून आले. नंतर शाळेजवळच्या क्रॉसिंगसाठी मी तीन ईमेल पाठवल्या, एकीचंही उत्तर नाही. नाव घेत नाही, पण जिव्हारी लागलं. आमच्या मंडळातल्या बायका त्या दिवशी पहाटे चारपासून मोदक वळत होत्या.

मग एका मैत्रिणीने विचारलं, तुमच्या मतदान केंद्रासाठी पक्षाचा प्रतिनिधी कोण? चौकशी केली, तर जागाच रिकामी. अर्ज भरून मी ती घेतली. पहिल्या बैठकीला क्रॉसिंगचे फोटो घेऊन गेले. सकाळी सव्वाआठचे, मुलं गाड्यांच्या मधून पळतानाचे. पक्षाच्या कमिटीच्या अध्यक्षांनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि त्याच निवडून आलेल्या साहेबांच्या कार्यालयात फोन लावला. पुढच्या मंगळवारी वेळ मिळाली आहे. याच भागातलं कुणी यायला तयार असेल तर इथे कळवा, गाडीत तीन जागा आहेत.